शिल्लक उरली तरच समाजकार्य? छोट्या कंपन्यांचे प्रश्न

सामाजिक जबाबदारीवर मागे दोन शब्द लिहिले, तेव्हापासून छोट्या कंपन्या चालवणाऱ्यांची आणि तिथे नोकरी करणाऱ्यांची पत्रे येत आहेत. बहुतेक पत्रांतली अडचण एकच आहे : मनात आहे, पण खिशात नाही. त्यांतले काही प्रश्न आज घेते.

प्रश्न : आमची चौदा माणसांची छपाईची कंपनी आहे. वर्षअखेरीस हातात फारसे काही राहत नाही. मोठ्या कंपन्या शाळा बांधतात, रुग्णवाहिका देतात. आमच्यासारख्यांनी सामाजिक जबाबदारीची भाषा तरी करावी का?

उत्तर : जरूर करावी. फक्त 'उरले तर देऊ' इथून सुरुवात करू नका. कमावलेल्यातले किती दिले हा नंतरचा प्रश्न आहे. कमावताना कोणाशी कसे वागलो, हा आधीचा. आयएसओ २६००० हे सामाजिक जबाबदारीवरचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक २०१० मध्ये आले. त्यात सात मुख्य विषय आहेत : संस्थेचा कारभार, मानवी हक्क, कामगारांशी वागणूक, पर्यावरण, व्यवहारातली सचोटी, ग्राहकांचे हित, आणि समाजाचा सहभाग व विकास. शाळा, रुग्णवाहिका, शिष्यवृत्त्या हे सगळे मिळून सातव्या विषयात बसते. पहिल्या सहांपैकी बहुतेक गोष्टींना चेक फाडावा लागत नाही.

मी कुठल्याही कंपनीत सल्ल्यासाठी गेले की आधी देण्यांची यादी मागते. कोणाचे पैसे किती दिवस थकले आहेत ते बघते. कागद पुरवणारा मोठा व्यापारी माल थांबवू शकतो, म्हणून त्याचे बिल वेळेवर जाते. थकतात ते साफसफाईवाल्याचे, माल पोहोचवणाऱ्याचे, घरी बसून घड्या घालून देणाऱ्या बाईंचे. एका ठिकाणी अशाच एका बाईंचे चार महिन्यांचे पैसे अडकले होते. त्यांनी तीनदा फोन केल्याची नोंद होती आणि तिन्ही वेळा समोर लिहिले होते, 'साहेब बाहेर आहेत'. त्याच महिन्यात त्या कंपनीने एका संस्थेला देणगी दिली होती आणि चेक देतानाचा फोटो दर्शनी भिंतीवर लावला होता. तो फोटो माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

तेव्हा तुमचा पहिला कार्यक्रम असा ठेवा : जे सगळ्यात लहान आहेत, त्यांचे बिल पंधरा दिवसांच्या आत. तुमचे पैसे थोडे आधी जातील, पण जास्त जाणार नाहीत. पगाराची तारीख, जादा कामाचा मोबदला, आजारपणाची रजा हेही त्याच रांगेत. हे वर्षभर नीट पाळले, की मग देणगीचे बोलू.

प्रश्न : आम्ही यंत्रांचे सुटे भाग बनवतो. एका मोठ्या ग्राहकाने ऐंशी प्रश्नांची सस्टेनेबिलिटी प्रश्नावली (पर्यावरणाची आणि माणसांची काळजी कशी घेता, याची) पाठवली आहे. निम्मे प्रश्न आम्हाला कळतही नाहीत. एक सल्लागार म्हणतो, आयएसओ २६००० चे प्रमाणपत्र मिळवून देतो, मग कोणी काही विचारणार नाही. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नका. हे मानक मार्गदर्शनासाठी आहे, प्रमाणपत्रासाठी नाही, असे त्या मानकातच स्पष्ट म्हटले आहे. जे अस्तित्वातच नाही त्याचे पैसे तुमच्याकडून मागितले जात आहेत.

हे प्रश्न कुठून आले ते समजून घेतले तर प्रश्नावलीची भीती जाते. एक धागा कार्बन उत्सर्जनाचा आहे. उत्सर्जन मोजण्याच्या सर्वमान्य पद्धतीत तीन कप्पे असतात : स्वतः जाळलेले इंधन, विकत घेतलेली वीज, आणि बाकीच्या सगळ्या साखळीतले उत्सर्जन. तुमच्या कारखान्यातला धूर आणि वीज ग्राहकाच्या तिसऱ्या कप्प्यात जाते. म्हणून त्याला तुमचे आकडे हवे असतात.

दुसरा धागा माणसांच्या जिवाचा आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे गेली, बहुतेक कपडे शिवणारे कामगार. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली. वरच्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावले. त्यानंतर आपला माल कोण, कुठे, कोणत्या परिस्थितीत बनवतो हे विचारणे मोठ्या खरेदीदारांना टाळता येईना.

आता प्रश्नावली भरायची कशी? खरी भरायची. जे नाही त्यापुढे 'नाही' लिहा, आणि करणार असाल तर कधीपर्यंत आणि कोण करणार तेही लिहा. गुळगुळीत 'होय' नंतर तपासणीत उघडे पडते, प्रामाणिक 'नाही' सहसा खपते. चार कागद तयार ठेवले तर अर्धी प्रश्नावली सुटते : वेतन आणि कामाच्या तासांची नोंद, अपघातांची वही (थोडक्यात टळलेले अपघातसुद्धा लिहा), बारा महिन्यांची वीज-इंधनाची बिले, आणि तक्रार असेल तर कामगाराने कोणाकडे जायचे याचे एक पान. जे कळत नाही ते ग्राहकाच्या माणसाला सरळ फोन करून विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि पाचवे, त्याने विचारलेले असो वा नसो : काम धोक्याचे वाटले तर ते थांबवणाऱ्याचा पगार कापला जाणार नाही, हे एका ओळीत लिहून सगळ्यांना तोंडीही सांगा. राणा प्लाझातल्या कामगारांना हे म्हणायची सोय नव्हती.

प्रश्न : मी एका छोट्या कंपनीत नोकरी करते. आमच्या साहेबांनी महिन्यातून एक रविवार श्रमदानाचा ठरवला आहे. काम चांगले आहे, पण घरी लहान मूल आहे, सुट्टी एकच. नाही म्हणायची चोरी आहे. मी चुकते आहे का?

उत्तर : तुमचे काहीच चुकत नाही. दुसऱ्याच्या सुट्टीवर केलेले दान हे त्या माणसाचे दान असते, कंपनीचे नव्हे. कंपनीला द्यायचे असेल तर तिने आपला, म्हणजे कामाचा वेळ द्यावा, आणि येणे न येणे मोकळे ठेवावे.

साहेबांपुढे तक्रार म्हणून जाऊ नका, हिशेब घेऊन जा. सेल्सफोर्स ही सॉफ्टवेअर कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली, तेव्हाच तिने एक टक्का भागभांडवल, एक टक्का उत्पादन आणि कर्मचाऱ्यांचा एक टक्का वेळ समाजासाठी ठेवायचे ठरवले. कंपनी अगदी लहान असताना हे ठरले. एका माणसाचे वर्षाचे कामाचे तास साधारण दोन हजार धरले, तर एक टक्का म्हणजे वीस तास. आठ तासांचे अडीच दिवस. बारा रविवारांपेक्षा हे कमी दिसते, पण मनापासून आलेल्या माणसाचे अडीच दिवस अधिक कामाचे असतात.

आणि त्या दिवसांत करायचे काय, ते संस्थेला विचारा. एका शाळेची तीच भिंत एका वर्षात तीन कंपन्यांनी रंगवलेली मी पाहिली आहे. मुख्याध्यापिकांना खरे तर हवा होता हिशेबाच्या वह्या लावून देणारा कोणी, कारण त्या नीट नसल्यामुळे त्यांचा अनुदानाचा अर्ज परत आला होता. तुमच्या कंपनीतल्या लेखापालाच्या तीन अर्ध्या दिवसांचे ते काम. रंगकाम कोणीही करील. तुमच्याकडे असलेले आणि संस्थेला विकत घेणे न परवडणारे कौशल्य कोणते, ते शोधा.

प्रश्न : लहान वर्कशॉप आहे. सौर पॅनल परवडत नाहीत. पर्यावरणासाठी आम्ही काय करणार?

उत्तर : हवा दाबून पाइपांतून यंत्रांना पुरवणारा कॉम्प्रेसर आहे ना? मग संध्याकाळी सगळी यंत्रे बंद झाल्यावर तो एकटा चालू ठेवा आणि पाइपच्या कडेकडेने शांतपणे चालत जा. कुठे बारीक 'स्स्स' ऐकू येईल. तिथे साबणाचे पाणी ब्रशने लावा, फुगे आले की गळती सापडली. देखभाल नसलेल्या ठिकाणी कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेतली वीस ते तीस टक्के अशी गळून जाते, आणि त्या हवेसाठी तुम्ही विजेचे पैसे भरलेले असतात. वॉशर, क्लॅम्प, एखादी फाटकी नळी बदलली की बरेचसे काम होते. मग दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला आहे का ते पाहा. जुने तारेचे दिवे अजून असतील तर एलईडी लावा, तेवढ्याच उजेडाला साधारण पाऊण वीज वाचते. कामगारांना विचारा, कुठे काय वाया जाते. त्यांना ते रोज दिसत असते, फक्त कोणी विचारलेले नसते. वाचलेले पैसे वेगळ्या रकान्यात लिहा, पुढच्या सुधारणेचे भांडवल तेच.

प्रश्न : आम्ही चौघे मिळून सॉफ्टवेअर बनवतो. ना कारखाना, ना धूर. आमची जबाबदारी ती काय?

उत्तर : माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवर, म्हणजे टॅब, स्पेस, बाण आणि एंटर या कळांनी पुढे सरकत, आपल्याच संकेतस्थळावरचा फॉर्म भरून बघा. मध्येच अडकलात, तर तिथेच ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याला पडदा दिसत नाही, तो रोज अडकतो आहे. वेब सर्वांना वापरता यावे यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून उपलब्ध आहेत, फुकट. त्यांच्या सध्याच्या रूपात नेहमीच्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजेडातला फरक किमान ४.५ : १ असावा असे सांगितले आहे. फिकट करड्या अक्षरांचे सुंदर पान या कसोटीला बहुधा उतरत नाही. चित्रांना वर्णन द्या, बटणांना नावे द्या, आणि एकदा तरी दृष्टिहीन वापरकर्त्याला बोलावून, त्याच्या वेळेचे पैसे देऊन, शेजारी बसून बघा. तुमच्या व्यवसायात यापेक्षा मोलाचे काम मला दिसत नाही. ग्राहकांची गरजेपेक्षा जास्त माहिती साठवू नका, हे त्याच्या खालोखाल.

प्रश्न : केलेले सांगावे की गुपचूप करावे?

उत्तर : सांगा, पण केल्याएवढेच. १९८६ मध्ये जे वेस्टरवेल्ड या पर्यावरणवाद्याने 'ग्रीनवॉशिंग' (पर्यावरणप्रेमाचा वरवरचा मुलामा) हा शब्द वापरला तो हॉटेलांवर टीका करताना. पाहुण्यांनी पृथ्वी वाचवण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरावेत अशा पाट्या तिथे होत्या, बाकी उधळपट्टी तशीच चालू. 'आम्ही पर्यावरणस्नेही' असे लिहू नका. 'गेल्या वर्षी वीज इतकी लागली, यंदा इतकी' असे लिहा. मदत घेणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या मनापासूनच्या संमतीशिवाय कधीही नको.

प्रश्न : मागच्या वर्षी सहा विद्यार्थ्यांचे शुल्क भरायचे आम्ही कबूल केले. यंदा ऑर्डर निम्म्यावर आल्या आहेत. पगार भागवताना नाकी नऊ येत आहेत. शुल्क थांबवले तर शब्द मोडतो.

उत्तर : पगार आधी, याबद्दल मनात किंतू ठेवू नका. पण शुल्काची तारीख उजाडेपर्यंत गप्प राहू नका. आज कळले तर त्या मुलांना दुसरी वाट शोधायला काही महिने मिळतील, शेवटच्या आठवड्यात कळले तर शिक्षण सुटेल. शेवटच्या वर्षाला किती जण आहेत ते पाहा, त्यांचे काहीही करून निभवा. उरलेल्यांसाठी ओळखीच्या दोन-तीन व्यावसायिकांना एकेकाचा भार उचलता येईल का विचारा. एकट्याला सहा जड जातात, तिघांत दोन-दोन निघतात. पुढे कबूल करताना ज्याच्या पूर्ण अभ्यासक्रमाची रक्कम आधीच बाजूला काढता येईल, तेवढ्याच मुलांना हो म्हणा, एकच असला तरी चालेल.

आणि ही बातमी पत्राने कळवू नका. स्वतः जा, मुलांसमोर आणि त्यांच्या आईवडिलांसमोर बसा, आणि प्रत्येकाला सांगा की कोणत्या महिन्यापर्यंत तुम्ही नक्की भरणार आहात.