लांब दांड्याच्या विळ्याने (सायथ) गवत कापताना कंबर भरून येते, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की नवा सायथ घेतलाय, पण अर्ध्या तासात खांदे आणि कंबर भरून येते, आणि गवत कापलं जाण्याऐवजी नुसतं आडवं पडतं. शिवाय विचारलंय की खुरपं, कुदळ ही अवजारं अजून ठेवण्यात अर्थ आहे का.

गवत आडवं पडतंय म्हणजे पात्याला धार नाही. पहिल्या वर्षी माझंही हेच व्हायचं. धार गेली की नकळत जोर लागतो, जोर लागला की टोक मातीत रुततं, आणि ते सोडवताना कंबरेला झटका बसतो. एका जाणत्या माणसाने माझ्या हातून विळा काढून घेतला, निसण्याचे (धार लावायच्या दगडाचे) आठ-दहा हात मारले आणि न बोलता परत दिला. तेच गवत, पण पातं सरकन निघून गेलं. त्या दिवसापासून मी निसणा कमरेला लावूनच कापायला उतरतो.

निसणा ओला हवा, म्हणून तो पाण्याच्या डबीत ठेवतात. दर 5-10 मिनिटांनी थांबायचं, विळा उभा धरायचा, पात्यावरचा चीक आणि गवत पुसायचं. मग पातं दांड्याला जोडलंय त्या बाजूकडून टोकाकडे, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, दगड हलकेच ओढत जायचा. घासायचा नाही. ही एका मिनिटाची विश्रांती कंबरेलाही मिळते.

तरीही धार लवकर जात असेल तर तिची कड जाड झाली आहे. युरोपीय पद्धतीचं घडवलेलं पातं असेल, तर छोट्या ऐरणीवर हातोडीने अगदी हलके ठोके देत कड पातळ करावी लागते. साधारण 5-6 तासांच्या कापणीनंतर मी हे करतो. ठोका जास्त बसला तर कड लाटेसारखी वाकते किंवा तडकते, म्हणून आधी जुन्या पात्यावर हात बसवा. काही पाती कडक पोलादाची असतात, ती ठोकायची नाहीत, सहाणेवरच घासायची. तुमचं कोणतं आहे ते विकणाऱ्याकडून नक्की करून घ्या.

आता मापं. दांडा जमिनीवर उभा धरला की खालची मूठ कमरेच्या सांध्याशी यावी. दोन मुठींमधलं अंतर कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे आपला जुना एक 'हात'. मूठ खाली असेल तर वाकून कापावं लागतं. तुमच्या कंबरदुखीचं दुसरं कारण मला हेच वाटतं.

कापताना पातं जमिनीला टेकूनच राहू द्या. पाय फाकवून उभं राहा आणि अख्खं धड उजवीकडून डावीकडे वळवा. हात फक्त सोबत जातात. पातं झाड तोडल्यासारखं मारायचं नसतं, कमानीत सरकवायचं असतं, आणि एका फेरीत चार बोटं गवत घेतलं तरी पुष्कळ झालं. पहाटे दव असताना सुरुवात करा. ओलं, ताठ गवत पात्याला अडतं आणि कापलं जातं; दुपारी मरगळलेलं गवत वाकून निसटतं. दगडगोटे, तारा, खुंट्या मात्र आदल्या दिवशी वेचून ठेवा. आणि कापणाऱ्याच्या आसपास कोणालाही, विशेषतः मुलांना, येऊ देऊ नका.

बाकी अवजारं जरूर ठेवा. बांधाच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी सायथ चालत नाही, तिथे हातविळाच लागतो. विळा दातेरी असेल तर दात्यांवर निसणा फिरवू नका, दाते झिजतात. खुरपं तण दोन पानांवर असतानाच चालवा, तेही वरच्या वर. खोल गेलात तर खालचं नवं बी वर येतं आणि पंधरा दिवसांनी तेच काम पुन्हा.

कुदळीचं आणि कुऱ्हाडीचं पातं उन्हाळ्यात ढिलं होतं, कारण लाकूड सुकून आकसतं. लोक दांडा पाण्यात भिजत घालतात. त्याने तो फुगून घट्ट बसतो खरा, पण सुकला की पहिल्यापेक्षा ढिला होतो. कुऱ्हाडीला नवी पाचर ठोका. कुदळीचा दांडा वरून ओवलेला असतो, तो उलटा धरून जमिनीवर आपटून बसवा, तरी हलला तर बदला. लाकडाचे रेषे दांड्याच्या लांबीने सरळ गेलेले बघून घ्या. आडवे रेषे असलेला दांडा जोराचा घाव घालतानाच मोडतो.