गणिताचं विचारा

प्रश्न : आमच्या गाईचं पाच दिवसांचं सकाळचं दूध ७, ९, ८, १०, ६ लिटर. मुलीने वहीत व्हेरियन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) २ काढला, एक्सेलच्या ‘व्हार’ या सूत्राने २.५ दिला. चुकलं कोण?

उत्तर : कुणीच नाही. सरासरी ८, फरकांचे वर्ग १, १, ०, ४, ४, बेरीज १०. (नुसत्या फरकांची बेरीज कायम शून्यच येते, म्हणून वर्गाचा खटाटोप.) लेकीने ५ ने भागलं, एक्सेलने ४ ने. त्या पाच दिवसांपुरतंच बोलायचं तर लेक बरोबर. पण हे दिवस अख्ख्या वेताचा नमुना आहेत. सरासरीही त्यांच्यातूनच काढल्याने फरक जरा कमी भरतात, म्हणून भागताना ५ मधून एक वजा. मी २.५ धरीन. मात्र हे लिटर नव्हेत, लिटरचे वर्ग! लिटरमध्ये हवं तर वर्गमूळ काढा : सुमारे १.५८.