"तो स्क्रीनसमोर बसतच नाही, मॅडम"

"तो स्क्रीनसमोर बसतच नाही, मॅडम. मग ऑनलाइन समुपदेशनाचा उपयोग काय?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते आणि थोडी शरमही. मूल खुर्चीत टिकलं नाही म्हणजे जणू आईबापच नापास झाले. हल्ली उत्तरादाखल मी एका आठ वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

दोन महिन्यांपासून त्याची शाळा सुटल्यातच जमा होती. सकाळी पोटात दुखायचं, शाळेची वेळ टळली की थांबायचं. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नव्हतं, म्हणून घरच्यांच्या लेखी ती "नाटकं" होती. (ती नाटकं नसतात. भीतीने पोट खरोखर दुखतं.)

पहिल्या सत्रात मी काहीही विचारलं की कॅमेऱ्याबाहेरून आईचा दबका आवाज यायचा, "सांग ना, गणित अवघड जातं म्हणून." तो तेच वाक्य जसंच्या तसं म्हणायचा. शेवटी त्याने फोन उताणा ठेवून दिला आणि मला नुसता छताचा पंखा दिसू लागला. आई कासावीस झाली. मी म्हटलं, "राहू दे. पंखा छान आहे. एका पात्याचा रंग उडालाय का रे?"

"दोन पात्यांचा," पलीकडून आवाज आला.

त्याचं स्वतःचं म्हणावं असं ते पहिलं वाक्य.

पुढची तीन सत्रं आम्ही रेघांचा खेळ खेळलो. मी कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढून कॅमेऱ्यापुढे धरायची, त्याने ती आपल्या कागदावर उतरवून तिचं काहीतरी करायचं, मग पाळी उलट. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालमनोविश्लेषक मुलांशी हा खेळ खेळत. त्यांचा कागद एकच असे, आमचे दोन झाले. काही बिघडलं नाही. त्याच्या बहुतेक रेघांचे कान व्हायचे. सशाचे, हत्तीचे, एकदा तर नुसताच कान. विचारायचा मोह झाला, पण गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं मला आजही बरं वाटतं.

पाचव्या सत्रात म्हटलं, "मला तुझं घर दाखवतोस?" फोन हातात घेऊन तो निघाला. खिडकी, कपाट, पलंगाखालचा पसारा. मग आईबाबांच्या खोलीबाहेर, दार आणि भिंतीच्या कोपऱ्यात तो थांबला.

"ही माझी ऐकायची जागा."

"इथून काय ऐकतोस?"

"रात्री आई रडते का ते."

"आणि रडली तर?"

"मग मी जागा राहतो."

"आणि दिवसा?"

बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग तो म्हणाला, "दिवसा मी शाळेत गेलो तर कोण ऐकणार?"

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खेळणी आहेत, वाळूचा ट्रे आहे, पण तो कोपरा नाही. समोरासमोर बसलो असतो तर गणितावर आणखी महिनाभर गेला असता. मी मुलापेक्षा कुटुंबाकडे आधी पाहणारी. आमच्या कुटुंबोपचाराच्या पंथातले साल्वादोर मिनुचिन अन्न नाकारणाऱ्या मुलींच्या कुटुंबांना आपल्यासमोर एकत्र जेवायला बसवत, कारण घरात काय चालतं ते ऐकण्यापेक्षा घडताना पाहावं. त्यांना घर आपल्या खोलीत आणावं लागे. मला या मुलाने उचलून घरात नेलं.

पोरगा शाळेला घाबरत नव्हता. तो पहाऱ्यावर होता.

"हे आईबाबांना सांगायला हवं. कोण सांगेल?" मी विचारलं. "तुम्ही. मी नको." ही परवानगी घेतल्याशिवाय पुढे जायचं नसतं. पालकांशी दोनदा बोलले, तेही मुलगा घराबाहेर असताना. ऐकायची जागा रिकामी हवी ना! आईचे वडील काही महिन्यांपूर्वी गेले होते. भांडण कसलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "मला वाटायचं, तिला एकटीला रडू द्यावं." म्हणजे ती रडायची, ते भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि दाराबाहेर आठ वर्षांचा मुलगा जागा असायचा.

आईने त्याला एवढंच सांगायचं ठरलं: "आजोबांची आठवण येते म्हणून मी रडते. माझ्याजवळ बाबा आहेत. तू झोप." आणि बाबांनी खरोखर जवळ बसायचं. मुलं वाक्यावर नाही, वागण्यावर विश्वास ठेवतात.

शाळा टप्प्याटप्प्याने झाली. आधी फाटकापर्यंत, मग दोन तास. निरोपाच्या वेळी आईच्या कानात इअरफोन असायचा आणि मी घरातून सांगायची, "आता समजावू नका. टाटा करा. वळा." मध्ये एक आठवडा सगळं पुन्हा मूळपदावर आलं, मग सावरलं. पूर्ण दिवस बसायला सहा आठवडे लागले.

दुरून उपचार ही नवी टूम वाटते. पण फ्रॉइडने 1909 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या हान्सच्या केसमध्ये मुलाशी बोलायचे ते त्याचे वडील. ते फ्रॉइडना कळवत राहिले; उपचारासाठी फ्रॉइड त्याला एकदाच भेटले. फ्रॉइडने काढलेले अर्थ मला पटत नाहीत, पण दुरून काम करताना निम्मं काम पालकांच्या हातून होतं, हे मात्र तेव्हापासून तसंच आहे.

म्हणून मूल बसत नसेल तर बसवू नका. फिरू दे, टेबलाखाली जाऊ दे, कॅमेरा बंद करू दे. लहान मुलाला पंचवीस मिनिटं पुरतात. कागद, रंग, आवडतं खेळणं हाताशी ठेवा. तुम्ही खोलीत असाल तर कॅमेऱ्यात दिसा. अदृश्य आई सगळ्यात मोठ्याने बोलते. बाहेर असाल तर हाकेच्या अंतरावर राहा, पण दाराला कान लावू नका. सत्र संपल्यावर "काय बोललास?" हा प्रश्न गिळा. कॉल तुटला तर कोण कोणाला फोन करणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा. समुपदेशकाने घरचा पत्ता आणि जवळच्या मोठ्या माणसाचा नंबर मागितला तर संशय घेऊ नका. मूल स्वतःला इजा करू पाहत असेल तर तोच उपयोगी पडतो. अशा वेळी, किंवा घरातल्याच कुणाची मुलाला धास्ती असेल तर, स्क्रीनवर भागत नाही. घराच्या भिंतींनाच कान असतील तर मूल मोकळं बोलणार कसं? तिथे मी प्रत्यक्षच भेटते.

शेवटच्या सत्रात त्याने फोन पुन्हा उताणा ठेवला. पंखा दिसला, तिन्ही पाती नव्याने रंगवलेली.

"बाबांनी आणि मी रंगवली," पलीकडून आवाज आला. "एक थोडं चुकलंय. कुठलं ते ओळखा."