"एपिड्युरलची सोय आहे का" एवढंच विचारू नका, रात्री भूलतज्ज्ञ कुठे असतात ते विचारा

ताई, तुमची पोस्ट वाचली. सातवा महिना, यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीजवळचं गाव, पहिल्या वेळी कळांनी जीव नकोसा झालेला. यावेळी एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करायला पाठीत बारीक नळी बसवून देतात ती भूल, घ्यावं असं मनात आहे, पण सासूबाई म्हणतात, "मणक्यात सुई टोचली का बाई जन्माची कामातून जाते." तालुक्याच्या डॉक्टर मॅडम म्हणतात, "आपल्याकडे सोय आहे, बघू वेळेवर." आणि नणंद वर्ध्याला राहते, शेवटच्या दिवसांत तिच्याकडे जावं का, हा तुमचा प्रश्न.

त्या "बघू वेळेवर"पाशी मी थांबले. मलाही हेच सांगितलं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुमच्या तब्येतीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. एपिड्युरल म्हणजे काय, नळी कुठे बसवतात हे तुम्ही वाचलेलं दिसतं, ते पुन्हा सांगत नाही.

माझं पहिलं बाळंतपण तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात झालं. नाव लिहीत नाही. प्रत्येक तपासणीला मी विचारायची आणि प्रत्येक वेळी उत्तर मिळायचं, "आहे ना, तुम्ही काळजी नका करू." भिंतीवर पेनलेस डिलिव्हरीचा बोर्डही होता. कळा सुरू झाल्या रात्री, भर पावसात. दवाखान्यात पोचले तेव्हा पिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलं होतं, म्हणजे हाताशी भरपूर वेळ होता. सिस्टरला म्हटलं, एपिड्युरल पाहिजे. ती म्हणाली, "भुलेचे सर जिल्ह्याले राह्यते मॅडम. ते सिझरलेच येते. रातच्याले यासाठी कोणी येत नाही." थोड्या वेळाने दुसरीच अडचण निघाली, प्लेटलेटचा ताजा रिपोर्ट फाइलला नाही, तो असल्याशिवाय पाठीत सुई घालत नाहीत. हे बरोबरच आहे, रक्त गोठण्यात अडचण असेल तर एपिड्युरल देत नाहीत. पण मग तो रिपोर्ट नवव्या महिन्याच्या तपासणीला का नाही करायला सांगितला? लॅब सकाळी उघडली, रिपोर्ट चांगला आला, तोवर सर दुसऱ्या गावी सिझरला गेलेले. ते पोचायच्या आधीच मला जोर लावायला सांगत होते.

तरीही खरा घाव पुढे बसला. दुसऱ्या वेळी मी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नाव घातलं आणि जुनी फाइल घेऊन गेले. भुलेच्या विभागातल्या तरुण डॉक्टरने फाइल चाळली आणि विचारलं, "मागच्या वेळी तुम्ही एपिड्युरल नाकारलं होतं, आता का हवंय?" मी पाहतच राहिले. छापील संमतीपत्रावर एपिड्युरलच्या ओळीपुढे पेनाने लिहिलेलं, "नातेवाईक तयार नाहीत." खाली आमच्या ह्यांची सही. दाखल करताना त्यांच्या हातात कागदांचा गठ्ठा दिला होता, इथे करा, इथे करा म्हणून. त्यांना एपिड्युरलबद्दल कोणी एक शब्द विचारला नव्हता. मला विचारायचं तर कोणाच्या डोक्यातही आलं नाही, आणि मी पलीकडच्याच खोलीत ते मागत होते.

म्हणून कोणी म्हणालं की खेड्यातल्या बायका एपिड्युरलला तयार नसतात, घाबरतात, की माझा जीव जळतो. माहिती कमी आहे हे मान्य आहे. शाळेत येणाऱ्या आयांशी बोलते तेव्हा निम्म्याहून जास्त जणींनी हे नावच ऐकलेलं नसतं, आणि ज्यांनी ऐकलंय त्यांना सिझरच्या वेळची पाठीतली सुई आणि ही एकच वाटते. "बाईच्या जातीले कळा सोसाच लागते" असं मानणाऱ्याही आहेत, आणि कोणी मनापासून तसं ठरवलं असेल तर तो तिचा मान आहे. पण ज्या दवाखान्यात रात्री भूलतज्ज्ञच नाही, तिथे बाईचा नकार कागदावर चढवणं म्हणजे आपली उणीव तिच्या नावावर लिहिणं. अशा किती फायलींत किती बायकांनी न दिलेला नकार लिहिलेला असेल! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतसुद्धा निरोगी गरोदर बाईने वेदना कमी करायची मागणी केली तर तिच्या पसंतीप्रमाणे एपिड्युरल द्यावं असं आहे. तिच्या पसंतीप्रमाणे. सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नाही. वयात आलेल्या, शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तिची तीच देते. घरच्यांची सही दवाखाने घेतात, घेऊ द्या, पण तुमची सही तुम्ही स्वतः वाचून करा. आठव्या-नवव्या महिन्यातच ते कागद मागून घ्या. कळांमध्ये कोणालाच वाचता येत नाही.

आता सासूबाईंचं. त्यांच्यावर चिडू नका. गावात सिझर झालेली प्रत्येक बाई कंबरेवर हात ठेवून "तेव्हाच्या सुईनं" म्हणते, तेच त्यांनी ऐकलंय. पण आपल्याकडे बाई सव्वा महिना होत नाही तोच पाण्याच्या गुंडी उचलते, कपाशी वेचायला वाकते, लेकरू कंबरेवर घेऊन फिरते. नऊ महिन्यांचं पोट वाहिलेली कंबर आधीच थकलेली असते. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून आढावा घेतला, त्यात एपिड्युरलमुळे कायमची कंबरदुखी किंवा सिझरचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. बाळाच्या तब्येतीवरही वाईट परिणाम दिसला नाही. सुई टोचली तिथे काही दिवस हुळहुळतं, ते मलाही झालं.

त्रास होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. बीपी उतरू शकतं, म्हणून सलाईन लावतात आणि सारखं बीपी बघतात. अंगाला खाज येते, थंडी वाजते, कधी ताप येतो. लघवीची जाणीव जाते, नळी घालावी लागू शकते. जोर लावायची वेळ लांबू शकते आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लागायची शक्यता थोडी वाढते, जरी हल्लीच्या कमी डोसात ती बरीच घटली आहे. मला पाठीत नळी बसल्यावर वीसेक मिनिटांनी आराम पडला, पण डाव्या बाजूला कळ राहिली होती. सांगितल्यावर त्यांनी कुशीवर वळवलं, औषध वाढवलं, मग ठीक झालं. सगळं मुकं होईल अशी अपेक्षा ठेवू नका. दाब कळतो, बाळ खाली सरकलेलं कळतं, आणि कळायलाच पाहिजे.

एक गोष्ट घरात आधीच सांगून ठेवा. साधारण शंभरात एकीला नंतर डोकेदुखी होते, एक-दोन दिवसांत सुरू होते, बसलं-उभं राहिलं की वाढते आणि आडवं झालं की उतरते. आपल्याकडे लगेच म्हणतात बाळंतिणीला वारं लागलं, कान बांध, धुरी दे. ते करत बसू नका, भूल दिलेल्या डॉक्टरांना फोन करा, तिच्यावर इलाज आहे. आणि पायातला बधिरपणा पूर्ण जाईपर्यंत शेगडी, गरम पाण्याची पिशवी जवळ येऊ देऊ नका. भाजलेलं कळत नाही.

डॉक्टर मॅडमना काय विचारायचं? "सोय आहे का" हे तर तुम्ही विचारून झालं. आता असं विचारा: भूलतज्ज्ञ या गावात राहतात की बाहेरून येतात? रात्री दोन वाजता, रविवारी, पोळ्याच्या दिवशी मी आले तर किती वेळात पोचतात? नळी बसल्यावर थांबतात की निघून जातात? मागच्या महिन्यात नॉर्मल बाळंतपणात कोणाला दिलं का? त्यांची फी पॅकेजमध्ये आहे की वेगळी? शक्य असेल तर भूलतज्ज्ञांनाच एकदा आधी भेटवा म्हणा. या प्रश्नांवर जो डॉक्टर सरळ "रात्री जमणार नाही" म्हणेल त्याचा मी आदर करीन. निदान तुम्ही दुसरी सोय तरी कराल. माझा राग गोड बोलून झुलवणाऱ्यांवर आहे. सगळे दवाखाने असे आहेत असं मी म्हणत नाही, आणि एका भूलतज्ज्ञावर चार-पाच दवाखाने चालतात ही त्या माणसाचीही ओढाताणच आहे.

सरकारी दवाखान्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून तिथे बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, गाडी मोफत आहे. पण ग्रामीण रुग्णालयात एपिड्युरल मिळेल या भरवशावर राहू नका. तिथे बाळंत व्हायचं ठरलं तर निदान सोबतीला बाई आत घेऊ द्या असा आग्रह धरा, सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणाच्या खोल्या सुधारायच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात त्याला जागा आहे. पाठ चोळणारा हात आणि चालायची मोकळीक यांनी फरक पडतो, मी दोन्ही अनुभवलंय. एपिड्युरलची बरोबरी ते करत नाही, हेही खरं.

अजून एक, आपल्या भागासाठी फार महत्त्वाचं: सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली का? आशाताईंना विचारा. सोल्युबिलिटी ही पहिली रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली असेल तर तेवढ्यावर थांबू नका, पुढची इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की चाचणी करून वाहक की रुग्ण ते पक्कं करून घ्या. रुग्ण असाल तर मोठ्या दवाखान्यातच बाळंतपण करा आणि भुलेच्या डॉक्टरांना आधीच भेटा. सिकलसेल असलं म्हणून एपिड्युरल बंद होत नाही, उलट तशा बाईच्या कळा नीट आटोक्यात ठेवणं जास्त गरजेचं असतं.

नणंदेकडे जायच्या प्रश्नाला माझं उत्तर, जा. वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडे मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत, त्यामुळे तिथे भुलेचा विभाग असतो. तरी एपिड्युरल किती वेळा देतात, खर्च किती, हे ओपीडीत स्वतः जाऊन विचारा, माझ्या शब्दावर जाऊ नका. तिथे आधी नाव घाला, निदान दोन तपासण्या तिथल्या असू द्या. नववा महिना लागला की नणंदेकडे राहायला जा. कळा सुरू झाल्यावर घाटंजीहून वर्ध्याला निघायचा बेत मात्र अजिबात करू नका, दुसरं बाळंतपण पहिल्यापेक्षा लवकर उरकतं. गावातच कळा सुरू झाल्या तर १०८ ला फोन करा आणि जवळचा दवाखाना गाठा. आणि वर्ध्याला दाखल व्हाल तेव्हा पहिल्याच सिस्टरला सांगा की एपिड्युरल हवंय. तयारी आणि नळी बसण्यात वेळ जातो, वर औषध लागू पडायला पंधरा-वीस मिनिटं. प्लेटलेटचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. रक्त पातळ करायची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर शेवटचा डोस कधी घेतला तेही त्याच पानावर लिहून ठेवा.