वाचकांचे प्रश्न : मांजरीसह दूरचा प्रवास

प्रश्न : आमच्याकडे ३ वर्षांची मांजर आहे. बदलीमुळे पुढील महिन्यात सुमारे १० तासांचा मोटारप्रवास करून आम्हांला नव्या घरी जायचे आहे. लस टोचायला नेतानाही ती रस्ताभर ओरडते. तिला झोपेची गोळी द्यावी, असे काही परिचित सुचवतात. मांडीवर घेतल्यास ती शांत राहील का?

उत्तर : मांडीवर घेऊन नेण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. एखाद्या कर्कश आवाजाने दचकलेली मांजर चालकाच्या पायांशी शिरू शकते किंवा दार उघडताच बाहेर झेप घेऊ शकते. घाबरलेली मांजर घरच्या माणसाच्या हाकेलाही सहसा ओ देत नाही, जवळच कुठेतरी दडून निमूट बसते, आणि म्हणूनच अनोळखी ठिकाणी ती हरवण्याचा धोका मला सर्वांत मोठा वाटतो.

आपल्या मांजरीच्या ओरडण्यामागचे कारण बहुधा असे आहे की पिंजरा केवळ दवाखान्याच्या दिवशीच तिच्यासमोर येतो. मांजरीला ओळखीच्या जागेचा आणि तिथल्या वासाचा मोठा आधार असतो; तो एकाएकी सुटला की ती भेदरते. आपल्या हाती महिना आहे, ही चांगली गोष्ट आहे. आजपासूनच पिंजरा दार उघडे ठेवून तिच्या आवडत्या कोपऱ्यात असू द्यावा, आत तिची नेहमीची, न धुतलेली चादर अंथरावी आणि रोजचे खाणे तिथेच द्यावे. ती आपणहून आत जाऊन झोपू लागली की थोडा वेळ दार लावून पाहावे, नंतर पिंजरा इंजिन बंद असलेल्या मोटारीत ठेवावा आणि त्यानंतरच जवळची एखादी फेरी मारावी. ती घाबरली, तर आधीच्या टप्प्यावर परत यावे. पिंजरा टणक प्लास्टिकचा, वरूनही उघडणारा आणि तिला उभे राहून वळता येईल एवढा असावा.

माणसांची झोपेची गोळी मुळीच देऊ नये. पशुवैद्य मांजरीला तपासून गॅबापेंटिनसारखे भीती कमी करणारे औषध देऊ शकतात, परंतु त्याचा परिणाम प्रवासाआधी एखाद्या दिवशी घरीच पाहून घ्यावा.

निघण्यापूर्वी सुमारे ४ तास खाणे थांबवावे, पाणी मात्र बंद करू नये. पिंजरा पुढच्या सीटच्या मागे, खाली पाय ठेवण्याच्या जागेत घट्ट बसवावा, म्हणजे अचानक ब्रेक लागला तरी तो उडणार नाही. वाटेत थांबाल तेव्हा खिडक्या-दारे बंद करून पाणी आणि शौचासाठी मातीचा ट्रे पुढे करावा. तिने दोन्ही नाकारले, तरी काही तास काळजीचे कारण नाही. गाडी उभी करून तिला एकटे सोडणे मात्र घातक आहे, कारण बाहेर २४ अंश सेल्सियस असताना बंद मोटारीचे तापमान २० मिनिटांत ४० अंशांच्या आसपास जाऊ शकते. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागली, तर तिला ताबडतोब गारव्यात न्यावे आणि पशुवैद्याशी संपर्क साधावा.

नव्या घरी पहिले काही दिवस तिला एकाच खोलीत, जुन्या अंथरुणासह ठेवावे. पूर्ण दिवस लोटूनही ती काहीच खात नसेल, तर वाट पाहू नये, पशुवैद्याला दाखवावे. आणि लघवीसाठी वारंवार बसूनही ती होत नसेल, तर तेवढाही वेळ थांबू नये. बोक्यांमध्ये लघवी तुंबणे जीवावर बेतते.

प्रश्न : आमच्या पर्शियन बोक्याला विमानाने परदेशी न्यायचे आहे. तयारी केव्हा सुरू करावी?

उत्तर : काही महिने आधी. बऱ्याच देशांत १५ अंकी मायक्रोचिप (ओळख पटवण्यासाठी कातडीखाली घातलेली बारीक चिप) बसवल्यानंतर दिलेली रेबीजची लसच ग्राह्य धरली जाते, आणि काही देश त्यापुढे रक्ततपासणी व प्रतीक्षेचा काळही मागतात. हा क्रम चुकल्यास लस पुन्हा द्यावी लागते. पर्शियनसारख्या चपट्या चेहऱ्याच्या मांजरांना उष्णतेत आणि ताणाखाली श्वास घेणे जड जाते, म्हणून अनेक विमान कंपन्या त्यांना सामानकक्षातून नेतच नाहीत. ज्या कंपनीत बोका आपल्या पायाशी, केबिनमध्ये राहू शकेल, तीच निवडावी आणि गुंगीचे औषध टाळावे. सुरक्षा तपासणीत त्याला पिंजऱ्याबाहेर काढावे लागते. त्या वेळी अंगाला घट्ट बसणारा पट्टा आधीपासून घातलेला असावा आणि तपासणी बंद खोलीत करण्याची विनंती आपण निःसंकोच करावी.