हा ‘ऑर्गॅनिक’ खताचा नव्हे, पण उसाचा आहे

प्रश्न : मुलगी सांगलीत बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘ऑर्गॅनिक बेस वापरून पॉलिएस्टर’ यावर पुढे संशोधन करायचं म्हणते. आमची ऊसशेती. सेंद्रिय खतातलं काही असेल तर ठीक, नाहीतर औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागलेली बरी, असं मला वाटतं.
– एक पालक, वाळवा तालुका

उत्तर : काका, खताशी याचा संबंध नाही, उसाशी मात्र आहे. इथे ‘ऑर्गॅनिक’ म्हणजे कार्बनची संयुगं आणि बेस म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड मिळतं, त्यापासून लॅक्टाइड हा कड्यासारखा रेणू बनतो. अशी कडी उघडून एकापुढे एक जोडत गेलं की पॉलिलॅक्टिक ॲसिड हे लांब साखळीचं पॉलिएस्टर तयार होतं. आपोआप विरघळणारे टाके याच जातीच्या पॉलिएस्टरचे असतात.

कडं उघडायला कारखान्यात सहसा कथिलाचं संयुग वापरतात. धातूचा अंश मालात उरतो आणि शरीरात जाणाऱ्या वस्तूत तो नको असतो. 2001 मध्ये डीएमएपी या साध्या ऑर्गॅनिक बेसने धातूशिवाय हे काम करून दाखवलं गेलं; पुढे टीबीडीसारखे त्याहून वेगवान बेस आले. साखळी सुरू करायला थोडं अल्कोहोल घालतात; बेस त्याच्या हायड्रोजनला आपल्याकडे ओढतो. त्यामुळे अल्कोहोलचा ऑक्सिजन आक्रमक होऊन कड्याच्या कार्बोनिलवर (कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधावर) धडकतो. कडं उघडतं, टोकाला अल्कोहोलसारखाच नवा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट येतो आणि तोच पुढच्या कड्याला भिडतो. बाटलीत पाणी शिरलं तर पाण्याचे रेणूही आपापल्या साखळ्या सुरू करतात आणि सगळ्याच आखूड राहतात. पावसाळ्यात सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) कोरडं करत बसायची चिकाटी मुलीत आहे का, हे मला तिच्या मार्कांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एमएस्सी ऑर्गॅनिकलाच करू द्या, कारण हा सगळा ऑर्गॅनिकचाच खेळ आहे. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ आहे. आयआयटीत एमएस्सीला प्रवेशासाठी फेब्रुवारीत जाम परीक्षा असते. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. पीएचडीला पाच वर्षं सहज जातात आणि धातूविना पद्धत अजून बरीचशी प्रयोगशाळेतच आहे, हेही ऐकून ठेवा. क्वालिटी कंट्रोलला मी कमी लेखत नाही. एमएस्सीनंतरही ती वाट खुली राहतेच.

आज जेवताना तिला एवढं विचारा : सात कोनांचं कॅप्रोलॅक्टोन सहज उघडतं, मग पाच कोनांचं ब्युटिरोलॅक्टोन का अडून बसतं? कड्यातल्या ताणाबद्दल तिला तुम्हाला कळेल असं सांगता आलं, तर जामचा फॉर्म भरू द्या.