नोंदी कुठे ठेवायच्या? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: एव्हरनोट या नोंदींच्या ॲपमध्ये माझ्या दहा वर्षांच्या हजारभर नोंदी आहेत. मोफत खात्यावर मर्यादा आल्यापासून नवीन काही टाकता येत नाही. पैसे भरू की दुसरीकडे जाऊ?

उत्तर: ५० नोंदी आणि एकच नोटबुक ही मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये आली, आणि तुमच्यासारखे बरेच जण अडकले. पैशांचं नंतर ठरवा, आधी एक प्रत स्वतःकडे घ्या. डेस्कटॉप ॲपमधून एनेक्स नावाची फाइल काढता येते. मात्र दर नोटबुकची वेगळी फाइल काढा आणि तिला नोटबुकचंच नाव द्या. एनेक्समध्ये टॅग आणि तारखा येतात, नोटबुकचं नाव येत नाही. हे लक्षात राहिलं नाही तर हजार नोंदींचा एकच ढिगारा हाती लागतो. मी हा ढिगारा उपसलेला आहे, म्हणून सांगतो.

जॉप्लिन आणि ऑब्सिडियन ही नोंदींचीच दुसरी ॲप. जॉप्लिन ही फाइल थेट उघडतं, ऑब्सिडियनसाठी ती आत घेणारं इम्पोर्टर प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) आहे. एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे जाणाऱ्या लिंक बहुधा तुटतील, हे धरून चाला. तक्ते, पीडीएफ, हस्ताक्षराचे फोटो असं सगळं ज्यात कोंबलंय ते नोटबुक आधी हलवून पाहा. ते नीट उतरलं तर बाकीच्यांची काळजी नाही.

प्रश्न: नोशन हे ॲप चांगलं की ऑब्सिडियन? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर: कारण प्रत्येक जण आपल्याला जे सवयीचं झालंय तेच सांगतो. तुम्ही उलट्या बाजूने पाहा: उद्या हे सोडायचं ठरलं तर हातात काय उरेल?

ऑब्सिडियनच्या नोंदी तुमच्याच डिस्कवर मार्कडाउनच्या (मथळे, याद्या साध्या चिन्हांनी दाखवायची पद्धत) साध्या फाइली म्हणून असतात. मार्कडाउन २००४ सालचं आहे, आणि मुळात ती साधी अक्षरंच. ॲप बंद पडलं तरी कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये ती उघडतात. नोशनचा मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर असतो. मार्कडाउन आणि सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) काढून मिळतात, पण तुम्ही हौसेने मांडलेले डेटाबेस बाहेर आले की नुसते तक्ते उरतात. त्यांचे व्ह्यू (तोच तक्ता पाहायच्या वेगवेगळ्या मांडण्या), एकमेकांशी असलेलं नातं मागेच राहतं.

म्हणून एकट्याचं वाचन, विचार, लेखन असेल तर मी ऑब्सिडियन म्हणेन. चार जणांनी एकाच पानावर एकाच वेळी काम करायचं असेल तर नोशन. ते ऑब्सिडियनचं बलस्थान नाही. आणि कृपा करून एकाच फोल्डरवर दोन सिंक सेवा (सगळ्या उपकरणांवर फाइली सारख्या ठेवणाऱ्या) लावू नका. एका नोंदीच्या तीन आवृत्त्या होतात आणि खरी कोणती ते कळत नाही.

प्रश्न: टॅग लावावेत की फोल्डर करावेत?

उत्तर: चार-पाच फोल्डर, मोजके टॅग, बाकी सर्च. निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे ९०,००० कागदी चिठ्ठ्या सांभाळल्या. त्याच्या शब्दसूचीत एका शब्दापुढे जेमतेम दोन-चार चिठ्ठ्यांचे क्रमांक असत. पुढचा रस्ता चिठ्ठ्याच एकमेकींकडे बोट दाखवून सांगत.

प्रश्न: आमची आठ जणांची टीम आहे. हौसेने विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची वेबपानं) उभारली, पण कोणी उघडत नाही. सगळे चॅटवरच विचारतात. सॉफ्टवेअर बदलावं का?

उत्तर: बदलू नका. नवीन जागी हीच धूळ साचेल.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली तेव्हा गंमत हीच होती की वाचणाराच दुरुस्तही करू शकतो. टीममध्ये मात्र ‘सगळ्यांचं’ पान लवकरच कोणाचंच राहत नाही. म्हणून प्रत्येक पानावर एक नाव आणि ‘शेवटचं तपासलं’ अशी तारीख लिहा. टीमचं नाव नको, माणसाचं. सहा महिने कोणी हात न लावलेलं पान तपासा, नाहीतर जुन्या पानांच्या कप्प्यात टाका. एकाच कामाची दोन उलटसुलट पानं असतील तर लोक दोन्हींवरचा विश्वास सोडतात आणि चॅटवर विचारतात. त्यांचं काही चुकत नाही. हल्ली विकीवर एआय बसवतात. त्यालाही त्या दोन पानांतलं खरं कोणतं ते ठाऊक नसतं, फक्त तो ठासून बोलतो.

दुसरं, चॅटवर प्रश्न आला की उत्तर विकीत लिहा आणि चॅटवर फक्त लिंक टाका. पहिले काही आठवडे कटकट वाटेल, तुम्ही तुसडे ठरण्याचीही शक्यता आहे. पण लिंक सापडते म्हटल्यावर लोक आधी तिथे बघू लागतात.

एवढं करूनही बदलायचंच असेल तर डोकूविकी हे विकीचं सॉफ्टवेअर पाहा. ती पानं साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवते, डेटाबेस लागत नाही, बॅकअप म्हणजे फोल्डरची कॉपी. दिसायला जुनाट आहे. बुकस्टॅक या दुसऱ्या विकीत शेल्फ, पुस्तक, प्रकरण, पान अशी मांडणी असते, ती तांत्रिक नसलेल्यांनाही पटकन कळते. ही दोन्ही स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात. पण तसं ठेवलं म्हणजे कायमचं सुटलो, असं मात्र समजू नका. कॉन्फ्लुएन्स या कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या विकीच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट फेब्रुवारी २०२४ मध्ये संपला आणि स्वतःच्या मशीनवर ती चालवणाऱ्यांनाही दुसरी जागा शोधावी लागली.

प्रश्न: पासवर्डही नोंदींतच ठेवले तर चालेल का?

उत्तर: नाही. कीपास किंवा बिटवॉर्डन असं पासवर्ड सांभाळणारं ॲप घ्या, आजच.